सत्ताविसावी खुंटी

माझ्या केबिनच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' लागलं त्याला दीड वर्ष होत आलं. पाटी प्लास्टिकचीच आहे, पण अक्षरं चांगली ठळक आहेत. सकाळी आले की मी दार पूर्ण आत ढकलते आणि त्याला विटेचा तुकडा लावते, म्हणजे पाटी दिवसभर भिंतीकडे तोंड करून राहते. शिपायाला वाटतं मॅडमना हवा लागते.

कुणी म्हणेल बाई नम्र आहे. नम्र वगैरे मी मुळीच नाही. तोंडाळ आहे. चिडले की समोर कोण उभं आहे हे बघत नाही आणि बोलून झालं की विसरून जाते. समोरचा विसरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. जे सांगणार आहे त्यात माझ्या अभ्यासाची चूक आहे तशी या तोंडाचीही आहे, आणि दुसरी मला जास्त छळते.

आमचं कॉलेज शहराबाहेर, वेरूळच्या रस्त्याला. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणजे अशा विषयाची बाई आहे की ज्याला आता मुलं नाइलाज झाल्यावरच येतात. वर्गात साठ बाकं आणि पंधरा-सोळा डोकी. त्यात नियम निघाला की पीएचडी नसलेल्यांना पुढे ठेवणार नाहीत. चाळिशी उलटल्यावर मी नाव नोंदवलं. विषय गाईडसरांनी दिला: अँटेनांच्या मदतीनं सिग्नलचा उगम कुठल्या दिशेला आहे ते शोधणं, आणि तेही न्यूरल नेटवर्क वापरून.

ऐकायला भारी वाटतं, पण मुळात गोष्ट साधी आहे. पाठीमागून कुणी हाक मारली की आपण बरोबर त्या बाजूला मान वळवतो, कारण आपल्याला कान दोन आहेत आणि आवाज एका कानात आधी, दुसऱ्यात कणभर उशिरा पोचतो. अँटेनांचंही तसंच. आठ अँटेना गोलात उभ्या केल्या की रेडिओ लहर एकीला आधी भेटते, दुसरीला नंतर. त्या सूक्ष्म फरकावरून दिशा काढायची. त्याची गणितं जुनी आहेत आणि सुंदर आहेत, पण ती मोकळ्या माळावर आणि महागड्या यंत्रांवर चालतात. आमच्या मैदानात लहर पत्र्याच्या शेडवर आपटायची, कॉलेजच्या बसवर आपटायची, आणि आमचे रिसीव्हर होते स्वस्तातले. म्हणून नेटवर्क. त्यात गणित मांडावं लागत नाही. कॉम्प्युटरला हजारो उदाहरणं दाखवायची: सिग्नल असा आला तेव्हा ट्रान्समीटर इथे होता, तसा आला तेव्हा तिथे होता. तो आपलं आपण शिकतो. नेमकं काय शिकला ते मात्र सांगत नाही.

उदाहरणं तयार करायची तर कुणीतरी ट्रान्समीटर घेऊन ठिकठिकाणी उभं राहायला हवं. ते काम चाचांनी केलं.

चाचा आमच्या डिपार्टमेंटचे लॅब अटेंडंट. छावणीत राहायचे. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलेली, पांढरी दाढी, आणि हातात त्यांच्या निकाहात मिळालेलं किल्लीचं घड्याळ, जे ते रोज आमच्या लॅबच्या दारात उभं राहून कॉलेजच्या घंटेशी जुळवायचे. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. मी त्यांना काम सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खाली उभंच राहायचं ना मॅडम? शिकायचं तर कुछ नाय ना?"

"शिकायचं कॉम्प्युटरनं. तुम्ही फक्त उभे राहा."

"मग हौ. उभा राहतो."

मैदानाच्या मधोमध आठ अँटेनांचं कडं उभं केलं, शेजारी ताडपत्रीखाली रिसीव्हरचा डबा ठेवला. भोवती क्रिकेटच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून मोठं वर्तुळ काढलं, त्यावर छत्तीस बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि लाल रंगानं नंबर घातले. प्रत्येक खुंटीवर चाचांनी ट्रान्समीटर छातीशी धरून आठ मिनिटं उभं राहायचं. सकाळी सातला पहिली खुंटी, बाराच्या आत छत्तिसावी. जवळ लोखंड चालत नाही, म्हणून छत्री बंद. पट्ट्याच्या बक्कलनंही फरक पडतो असं मी म्हणाले, तर दुसऱ्या दिवसापासून चाचा पँटीला सुतळी बांधून यायला लागले.

पहिल्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी. मी पूर्वेची खुंटी एक नंबरची ठरवली होती. चाचा तिथे उभे राहिले, आठ मिनिटं झाली, आणि ते निघाले डावीकडे, छत्तीस नंबरच्या खुंटीकडे.

मी शेडमधून ओरडले, "अहो चाचा, तिकडून नाही! उजवीकडून!"

ते थांबले. "आमचे बडे भाई हजला जाऊन आले ना मॅडम, ते सांगतात, तिकडं असंच फिरतात. बीचवाली चीज डाव्या हाताला ठेवून."

"इथे घड्याळासारखं फिरायचं. अंश तसेच मोजतात."

अंश तसे मोजतात हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. माझं माहेर वेरूळचं. आजोबांपर्यंत घरात पूजाअर्चेचं काम होतं, वडील तहसिलीत कारकून झाले आणि आम्ही बहिणी शिकून मोकळ्या झालो. मी देवळात जात नाही, उपास करत नाही, आणि हे सांगायचा मला जरा माजही आहे. तरी मधे काहीतरी उभं केलंय आणि माणूस उलटा फिरतोय हे मला बघवेना. पूर्वेकडून सुरुवात, उजव्या हाताला देव, अशी ती चाचांची फेरी मीच लावून दिली. चाचा हसले आणि वळले.

मग पुढची दोन वर्षं त्यांनी एकही फेरी वेगळी केली नाही. रोज नव्हे अर्थात. परीक्षा असल्या की नाही, पावसात नाही. उस्मानपुऱ्यात आमच्याकडे पाणी यायचं त्या दिवशीही फेरी नसे, कारण टाकी, पिंपं, बादल्या भरता भरता माझे आठ वाजायचे, आणि उशिरा सुरू केलेली फेरी मला चालत नसे. सात म्हणजे सात. खुंटी एक म्हणजे एक. एकदा चाचांनी विचारलं होतं, ऊन लई आहे, आज पश्चिमेची झाडाखालची आधी उरकू का? मी म्हणाले, क्रम मोडायचा नाही, शास्त्र आहे हे. केवढा अभिमान होता मला त्या शिस्तीचा! प्रबंधात त्यावर मी एक पूर्ण परिच्छेद लिहिलाय.

नेटवर्क शिकलं. इतकं छान शिकलं की मला रडू आलं. जे दिवस त्याला शिकवताना दाखवलेच नव्हते, मुद्दाम बाजूला ठेवले होते, त्या दिवसांच्या नोंदी दिल्या तरी ते चाचा कुठल्या खुंटीवर आहेत ते बिनचूक सांगायचं. जुन्या गणिती पद्धती आमच्या मैदानावर पार गडबडायच्या, हे डोळे झाकून बरोबर. सर खूश. पेपर छापून आला. प्रबंध गेला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले. व्हायवाची तारीख पडली.

चाचांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. छावणीच्या बाजारात ज्या हॉटेलात ते चहा प्यायचे तिथे त्यांनी सांगून टाकलं होतं की कॉलेजचा कॉम्प्युटर माझ्याकडनं शिकला. एकदा मी त्या बाजूला गेले होते तर चहावाल्यानं मला विचारलं, "मॅडम, चाचा सच्ची बोलते क्या?" मी म्हणाले, शंभर टक्के.

व्हायवाच्या वेळी प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून मी नेटवर्क थेट रिसीव्हरला जोडलं आणि स्क्रीनवर एक गोल तबकडी आणि काटा काढला. चाचा जिथे उभे असतील तिकडे काटा वळायचा. व्हायवाला तीन आठवडे राहिले असताना आम्ही रंगीत तालीम ठेवली. मी शेडमध्ये स्क्रीनसमोर, चाचा मैदानात. सातला सुरुवात. चाचा एक खुंटी पुढे, काटा एक खुंटी पुढे. मी चहा घेतला, पेपर तपासले, मधूनमधून मान वर करून बघत होते. एखादं मूल नीट चालायला लागल्यावर आईला वाटतं तसं वाटत होतं.

साडेनऊच्या सुमाराला चाचा एकोणिसाव्या खुंटीवर होते. तिथून त्यांनी हात केला. मी गेले.

"मॅडम, ये लाल बत्ती दिसंना."

ट्रान्समीटरवरचा दिवा बंद होता. मी बटण दाबून बघितलं. काही नाही. बॅटरी ठार.

"कधीपासून?"

"काय की. धूप में दिसत नाय ना. रात को आमच्याकडं लाइट गेली होती, चार्जिंगला लावली न् तशीच…"

मी भडकले. "एवढं एकच काम आहे तुम्हाला चाचा! एकच! तेवढंही जमत नाही?" असं मी मोठ्यानं म्हणाले. बसमधून उतरणारी मुलं वळून बघायला लागली. चाचांनी मान खाली घातली. मी ट्रान्समीटर त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि पाय आपटत शेडकडे निघाले.

शेडमध्ये आले तर काटा एकोणिसाव्या खुंटीवर होता.

आधी काही वाटलं नाही. मग हातातल्या ट्रान्समीटरकडे बघितलं. तो बंद होता आणि माझ्या हातात होता, शेडमध्ये. काटा मैदानात एकोणिसाव्या खुंटीकडे बोट दाखवत होता. मी बसले. माझ्या डोळ्यांदेखत काटा हळूच सरकून विसाव्या खुंटीवर गेला. विसाव्या खुंटीवर कुणीही नव्हतं.

पायाखालची वाळू सरकणं हा शब्दप्रयोग मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकले होते. त्या दिवशी कळलं की त्यात खरोखर पाय गार पडतात.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना लिंबाखाली बसायला सांगितलं. ट्रान्समीटर कपाटात. सातला डबा चालू केला आणि दोघं बघत बसलो. काटा एकटाच निघाला. पहिली खुंटी, दुसरी, तिसरी, आठ-आठ मिनिटांनी, अगदी चाचांच्या चालीनं, रिकाम्या मैदानावर बारापर्यंत फिरत राहिला.

मग मला कळलं. डबा सातला थंड असायचा. चालू राहिला की तापत जायचा, महिना कुठलाही असो. तापला की त्यातली खरखर वाढते, अँटेनांकडून येणाऱ्या आठ वाटांमधले फरक किंचित सरकतात. नेटवर्कसमोर दोन गोष्टी होत्या: लहरीतला बारीक, अवघड फरक, आणि डब्याचा सोपा ताप. त्यानं सोपं ते उचललं. माझ्या वर्गातली मुलं तेच करतात आणि मी त्यांना ओरडते. आणि एवढ्या तापाची अशी खुंटी हे त्याला शिकवलं कुणी? मी. कारण दोन वर्षं सात म्हणजे सात आणि एक म्हणजे एक. दिशा ओळखणारं यंत्र म्हणून जे मी जगाला दाखवलं ते साधं घड्याळ होतं.

तिसऱ्या दिवशी चाचांना उलटं फिरायला लावलं, पहिल्या दिवशी ते निघाले होते तसं. ट्रान्समीटर चालू होता, बॅटरी भरलेली होती. चाचा डावीकडून निघाले आणि काटा उजवीकडून. साडेनऊच्या आसपास एकदाच दोघांची गाठ पडली, मग पुन्हा एकमेकांकडे पाठ करून आपापल्या वाटेनं गेले.

मी त्या दिवशी शेडमध्ये स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षांत एकदा जरी चाचांना त्यांच्या मनानं फिरू दिलं असतं तरी हे तेव्हाच उघडं पडलं असतं. आणि त्यांचं राहू दे. मी वेरूळची. आमच्याकडे शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालतच नाहीत. पाणी वाहून जातं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. लहानपणी दर सोमवारी मी तसंच जाऊन आलेली आहे. तेवढं जरी केलं असतं, गेलो तसे परत आलो असतो, तरी प्रत्येक खुंटी एकदा थंड डब्यानं आणि एकदा गरम डब्यानं मोजली गेली असती. धड श्रद्धा असती तरी वाचले असते.

चाचांना मी समजावायचा प्रयत्न केला. केला म्हणजे काय, उरकला. मशीन टाइम बघतं, एवढंच सांगितलं.

"म्हंजे मशीन मला बघतच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दो साल?"

"दोन वर्षं."

त्यांनी सुतळीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "पन मॅडम, बॅटरी संपायच्या आधी तर बराबर दावत होतं ना. मी स्वतः पायलंय."

"अहो तेच तर सांगतेय! तेव्हाही नाही!" मी म्हणाले आणि उठून गेले. माझं मलाच पुरे झालं होतं. त्यानंतर चाचा रोज दोन बॅटऱ्या भरून आणायचे, सकाळी मला दोन्ही दाखवायचे आणि मी न बघताच बरं म्हणायचे.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले हे मला नीट आठवत नाही. उलट्या, सुलट्या, वेड्यावाकड्या क्रमानं जमतील तेवढ्या फेऱ्या घेतल्या आणि नेटवर्कला नव्यानं शिकवायला बसले. ते काहीच शिकेना. चाचा पूर्वेला तर काटा दक्षिणेला. चार फेऱ्यांत काय शिकणार म्हणा, पण माझ्या मनात आलं की कदाचित या मैदानावर, या डब्यानं, हे होण्यासारखंच नसेल. कदाचित मुळात शोधण्यासारखं काही नव्हतंच. रात्रंदिवस छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे परत दोन वर्षं?" मी म्हणाले, परत नाव नोंदवताच येत नाही, मुदत संपली.

गाईडसरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. डोळे मिटून ऐकायची त्यांना सवय आहे.

"मॅडम, अहवाल आलेत. तारीख पडलीय. आता त्यात काडी घालू नका."

"पण सर, हे खोटं आहे."

"खोटं कसं? आकडे तुम्ही बनवले का? जे मोजलं तेच लिहिलंत ना? मग! तापमानाचा परिणाम तपासणे, असं एक वाक्य 'पुढील संशोधनाच्या दिशा'मध्ये टाका. झालं." आणि मग डोळे उघडून, बऱ्यापैकी मायेनं, "नोकरीचा विचार करा."

मी नोकरीचा विचार केला. लाज वाटते लिहायला, पण केला. तरी सादरीकरणात शेवटून दुसरी एक स्लाइड मी बनवून ठेवली. त्यावर सगळं खरं लिहिलं होतं, रिकाम्या मैदानावर फिरणाऱ्या काट्याच्या आलेखासकट. ती दाखवायची असं रोज ठरवायचे आणि रोज सकाळी ती अजून तिथे आहे ना ते बघायचे.

व्हायवाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक दहाला आले. सडपातळ, मितभाषी, हुशार माणूस. चहा झाल्यावर म्हणाले, सादरीकरण नंतर, आधी प्रात्यक्षिक बघू. आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. नेटवर्क जुनंच लावलेलं होतं. रिसीव्हर आता चालू करायचा, म्हणजे थंड डबा, म्हणजे काटा पहिल्या खुंटीवर, असा माझा हिशोब होता. पण वाटेत मैदानात ताडपत्रीखाली हात घालून डबा चाचपला तर तो चांगलाच तापलेला. चाचांनी तो सातला येऊन चालू करून ठेवला होता. सवयीनं केला असेल असं मला वाटलं.

परीक्षक म्हणाले, "त्या गृहस्थांना सांगा, कुठल्याही खुंटीवर उभे राहा म्हणावं. त्यांच्या मनाला येईल तिथे. आपल्याला सांगू नका."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते. कुणाला वाटेल मी घाबरले असेन. उलट मला वाटलं, सुटले. छत्तीस खुंट्या आहेत, चाचा कुठेतरी उभे राहतील, काटा भलतीकडेच जाईल, आणि जे माझ्या तोंडून निघत नाहीये ते आपोआप सगळ्यांना दिसेल. मी मैदानात जाऊन चाचांना निरोप सांगितला. "कुठंही उभे राहा. तुमच्या मनानं." हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते.

चाचांनी मान हलवली. ते वर्तुळाकडे गेले. मधे थांबून त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग सरळ चालत गेले आणि सत्ताविसाव्या खुंटीवर, ट्रान्समीटर छातीशी धरून, उभे राहिले.

साडेदहा वाजले होते. दोन वर्षं साडेदहाला ते तिथेच असायचे.

स्क्रीनवर काटा सत्ताविसाव्या खुंटीवर होता. परीक्षक वाकून बघत राहिले. "वा," ते म्हणाले. "आता दुसरीकडे जायला सांगा."

आता तरी, असं मी मनात म्हणाले. गाईडसरांनी हात हलवून खूण केली. चाचा हलले. आधी नळावर जाऊन पाणी प्यायले. मग सावकाश, गुडघा दुखत असल्यासारखे, वर्तुळाची जवळजवळ अख्खी फेरी मारून आले. उजवीकडून. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, काट्याकडे कुणी बघत नव्हतं. पुन्हा मनगट वर गेलं. आणि ते अठ्ठाविसाव्या खुंटीवर येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे वळलो तर काटा तिथेच होता. खरं म्हणजे काटा आधी आला असेल.

परीक्षक मोठ्यानं हसले. "वस्ताद आहेत हां तुमचे गृहस्थ! एवढं फिरून शेजारच्याच खुंटीवर आले. यंत्राला फसवायला हीच खरी अवघड परीक्षा." आणि गाईडसरांकडे वळून म्हणाले, "माझं समाधान झालं."

पुढचं मी केलं, ते चाचांवर ढकलता येणार नाही. हॉलमध्ये सादरीकरण झालं. समोरची खुर्ची न् खुर्ची भरलेली होती, नवरा मागच्या रांगेत होता. परीक्षक दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाले, थोडक्यात करा, डेमोनंतर फारसं विचारण्यासारखं नाही. शेवटून तिसरी स्लाइड संपली. पुढची ती होती. माझं बोट बटणावर होतं. बटण दोनदा दाबलं की ती स्लाइड डोळ्याला दिसायच्या आत निघून जाते. मी दोनदा दाबलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं. टाळ्या झाल्या.

मी बाहेर मैदानात गेले. बाकीचे पायऱ्यांवर फोटोसाठी गोळा होत होते. चाचा खुंट्या उपटून पोत्यात भरत होते.

"चाचा, त्यांनी कुठंही उभं राहा सांगितलं होतं."

"हौ."

"मग सत्ताविसावीच का?"

त्यांनी हातातलं घड्याळ पुढे केलं, जणू उत्तर तिथे लिहिलंय. "साडेधा झाले होते ना. तुम्ही बोलल्या होत्या, मशीन टाइम बघतं. मी म्हटलं, मशीन मला बघंना तर मी मशीनला बघतो." मग त्यांनी आवाज खाली केला. "मॅडम, तुमचं मशीन बिघडलं ते माझ्या हातनं. बॅटरी माझीच राहिली. तुम्ही त्या दिवशी बोलल्या, बराबर बोलल्या, एकच काम व्हतं मला. तवापासनं डोळ्याला डोळा नाय. खुदा की कसम. आज तरी भरून निघालं म्हनायचं ना?"

मला बोलायचं होतं. अहो चाचा, बॅटरीनं काही बिघडलं नाही, बॅटरीमुळे तर कळलं. बिघडवलं मी, पहिल्याच दिवशी, तुम्हाला उजवीकडून वळवलं तेव्हा. तुम्ही दोन वर्षं एकही चूक केली नाहीत. चार वाक्यं होती. पण ती म्हणायची तर मोठ्यानं म्हणावी लागली असती, आणि सगळे तिथून वीस पावलांवर उभे होते, आणि परीक्षक माझ्याकडेच बघत होते.

"डॉक्टर मॅडम," पायऱ्यांवरून कुणीतरी हाक मारली, "चला, तुमच्यासाठीच थांबलोय."

"हो चाचा," मी म्हणाले, "निघालं भरून." आणि जाऊन सगळ्यांच्या मधे उभी राहिले.